पश्चात प्रहर कोणासाठी?

आपल्या शास्त्राने जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर असे चार पदार्थ सांगितले आहेत. त्यांत देवता नित्यबद्ध आहेत, परमेश्वर नित्यमुक्त आहे आणि जीव बद्धमुक्त आहे. ‘बद्धमुक्त’ या शब्दाचा अर्थ अभ्यासकांनी नीट ध्यानी घ्यावा. जीव आज बंधनात आहे, परंतु बंधनातून सुटण्याची योग्यता त्याच्या ठिकाणी आहे. व्यवहारात या अवस्थेला सर्वांत जवळची उपमा निजलेल्या माणसाची. तो या क्षणी ऐकत नाही, पाहत नाही. तथापि हाक पोहोचली तर तो ऐकू शकतो, पाहू शकतो. अनादि अविद्येने निजलेल्या जीवाला जागे करण्यासाठी परमेश्वर कृपेने अवतार स्वीकारतो, हा आपल्या ज्ञानमार्गाचा गाभा आहे.

हा विचार येथे मांडण्याचे कारण असे की, जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतील वासनिकांकडून गेली काही वर्षे एकच तक्रार निरनिराळ्या शब्दांत ऐकू येत आहे. पहाटे उठणे होत नाही, ही ती तक्रार. वडीलधारे म्हणतात, घरातील तरुण नऊ-दहापर्यंत अंथरूण सोडत नाहीत. तरुण म्हणतात, रात्री दोनपर्यंत झोपच येत नाही. प्रौढ म्हणतात, चार दिवस उठतो, स्मरणाला बसतो, पण मन लागत नाही आणि पाचव्या दिवशी नेम मोडतो. या साऱ्यांच्या तळाशी एक प्रश्न असतो. तो मात्र क्वचितच कोणी उघड बोलून दाखवितो. एका वासनिकाच्या पंचविशीतील मुलाने तो वडिलांच्या देखत विचारला, “बाबाजी, पण उठून करू काय?” वडिलांना हा उद्धटपणा वाटला. आम्हांस तो वाटला नाही. वडिलांची तक्रार देहाच्या झोपेविषयी होती, मुलाचा प्रश्न जीवाच्या झोपेविषयी होता. त्या प्रश्नाचे उत्तर शोधल्यावाचून लवकर उठण्याचा उपदेश करणे म्हणजे रिकाम्या घराचे दार वाजविणे होय.

काळ ही देवता नव्हे

प्रथम एक गैरसमज दूर करणे अवश्य आहे. हल्ली पुस्तकांच्या दुकानांत पहाटे पाचला उठल्याने धन, आरोग्य व यश प्राप्त होते असे सांगणाऱ्या पुस्तकांची रास असते. आपल्याकडेही ब्राह्ममुहूर्ताविषयी अशीच समजूत आहे की, त्या घटिकेतच काही स्वतंत्र सामर्थ्य आहे. ज्ञानमार्गी पुरुषाने येथे सावध असावे. काळ हा प्रपंचाच्या कक्षेतला विषय आहे. मोक्ष देण्याचे सामर्थ्य परमेश्वरावाचून देवतांच्या ठिकाणीही नाही, मग काळाच्या एका तुकड्याच्या ठिकाणी ते कोठून असणार? पहाटे उठला म्हणून कोणी तरला नाही. दूधवालाही पहाटे उठतो आणि कधी चोरही त्याच वेळी जागा असतो.

मग आपल्या आचारात रात्रीच्या शेवटच्या प्रहराला, म्हणजे पश्चात प्रहराला, एवढे महत्त्व का? त्याचे कारण साधे आहे. त्या वेळी कोणी आपल्याकडे काही मागत नाही. दार वाजत नाही, व्यवहाराचा विचार सुरू झालेला नसतो, आदल्या दिवसाचा राग झोपेने निवलेला असतो आणि नव्या दिवसाचा राग अजून आलेला नसतो. मन रिकामे असते. रिकाम्या पात्रात पहिल्याने जे ओतावे त्याचा वास दिवसभर राहतो. काळाचे महत्त्व एवढेच, साधन म्हणून.

हे एकदा ध्यानी आले की घड्याळातील आकड्याचा हट्ट सुटतो. दोन घटिकांचा, म्हणजे ४८ मिनिटांचा एक मुहूर्त. सूर्योदयापूर्वी दोन मुहूर्त, म्हणजे सुमारे ९६ मिनिटे आधी, ब्राह्ममुहूर्त सुरू होतो अशी परंपरागत गणना आहे. जळगावास जूनअखेर सूर्य पावणेसहाच्या सुमारास उगवतो, तर जानेवारीत सात वाजून गेल्यावर. तेव्हा उन्हाळ्यात जो मुहूर्त सव्वाचारच्या आत लागतो, तोच कडक थंडीत साडेपाचच्या सुमारास लागतो. पूर्वज सूर्याच्या हिशेबाने उठत. आपण बारमाही चारचा गजर लावतो आणि माघ महिन्यात स्वतःस आळशी ठरवितो.

झोप हा शत्रू नव्हे, हेही सांगितले पाहिजे. गीतेच्या सहाव्या अध्यायात भगवान श्रीकृष्णांनी अति निजणाऱ्यास योग साधत नाही असे सांगितले, त्याचबरोबर अति जागणाऱ्यासही तो साधत नाही असे सांगितले आहे. आहार, विहार, निद्रा व जागृती यांचे प्रमाण राखणाऱ्याचाच योग दुःखनाशक होतो, असा तेथील आशय आहे. पहिला अर्धा भाग आपण मुलांना ऐकवितो आणि दुसरा विसरतो. आजचे वैद्यकशास्त्रही याच बाजूचे आहे. देहातील पेशींमध्ये दिवस-रात्रीचे घड्याळ कसे चालते याच्या संशोधनाबद्दल २०१७ साली तीन अमेरिकी शास्त्रज्ञांना नोबेल पारितोषिक मिळाले. प्रौढ माणसाला किमान सात तास झोप हवी आणि तारुण्याच्या उंबरठ्यावरील मुलांच्या देहाचे घड्याळ स्वभावतःच काहीसे उशिरा चालते, हे आता सर्वमान्य आहे. बारा वाजता निजून चारला उठणारा साधक पहाटे स्मरणाला बसतो खरा, पण बसल्या बसल्या डुलक्या घेतो. तो नेम नव्हे, नेमाचे सोंग होय.

कोणालाही उठता येते

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. ‘मला उठताच येत नाही’ असे म्हणणाऱ्याने आपल्या भोवती पाहावे. खानदेशात अनेक गावांत शेतीपंपाची वीज पाळीपाळीने रात्री येत आली आहे. रावेर-यावलच्या केळीला किंवा चोपड्याच्या कपाशीला पाणी द्यावयाचे तर शेतकरी रात्री एक वाजता विजेरी आणि काठी घेऊन बांधावर जातो. साप-विंचवाचे भय असते, थंडी असते, तरीही तो उठतो. पुष्कळदा गजर वाजण्यापूर्वीच उठतो. भुसावळच्या रेल्वेतील माणूस रात्री तीनच्या गाडीवर वेळेवर हजर असतो. तान्ह्या मुलाची आई मुलाने नुसती कूस बदलली तरी जागी होते. यांचे देह निराळ्या मातीचे नाहीत. शेतकऱ्यासाठी पीक खोळंबलेले असते, रेल्वेच्या माणसासाठी गाडी, आईसाठी मूल. ज्याच्यासाठी कोणीतरी खोळंबले आहे, त्याला उठविण्यासाठी दुसरा उपाय करावा लागत नाही.

दृष्टांतपाठात केशिराजबासांनी सूत्र, दृष्टांत आणि दार्ष्टांतिक अशी रचना केली आहे. तिचे अनुकरण करण्याची आमची योग्यता नाही. परंतु धुळे जिल्ह्यातील वाचकांना परिचित असे एक उदाहरण त्याच रीतीने विचारात घेता येईल. पांझरा आणि तिच्या परिसरातील नद्यांवर बंधारे बांधून पाटाने सामुदायिक सिंचन करण्याची फड पद्धती शेकडो वर्षे चालत आली. पाण्याची व्यवस्था पाहण्यास पाटकरी असे आणि पिकाच्या राखणीस जागल्या असे. सारे शेतकरी घरी निजत, जागल्या फडात जागा राहत असे. त्याचे डोळे इतरांहून वेगळे नव्हते. दिवसा तोही निजत असे. परंतु रात्री साऱ्या गावाचे पीक त्याच्यावर सोपविलेले होते, आणि सोपविलेले आहे ही जाणीव त्याला डोळा लागू देत नसे. त्याच माणसाला कामावरून दूर करून घरी बसविले असते, तर आठ दिवसांत तोही इतरांसारखा निजला असता.

यावरून बोध असा घ्यावा की, जागे राहण्याचे बळ मनगटातून येत नाही, सोपवणुकीतून येते. ज्याच्यावर काही सोपविलेले आहे तो उठतो. ज्याच्यावर काहीच सोपविलेले नाही, त्याला आपण आळशी म्हणतो.

तरुणांची झोप

आता त्या मुलाकडे पाहावे. तसे तरुण खानदेशातील प्रत्येक गावात आहेत. पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत पुरुष उमेदवारांना १६०० मीटर धावावे लागते. तिच्या तयारीसाठी ही मुले पहाटे पाचला गावाबाहेरच्या रस्त्यांवर धावताना दिसतात. ज्यांना आज आळशी म्हटले जाते, त्यांतील कित्येक दोन-तीन वर्षे असे धावले आहेत. त्या काळात त्यांना कोणी उठवावे लागत नव्हते. पुढे भरतीत नाव आले नाही, दुसऱ्या वेळी काही गुणांनी हुकले, वयाची मर्यादा जवळ आली आणि एके दिवशी धावणे थांबले. धावणे थांबले तशी पहाटही थांबली. रात्री मोबाईलच्या उजेडात जागावयाचे, कारण रात्री कोणी ‘पुढे काय?’ असे विचारीत नाही. आणि दिवसा निजावयाचे, कारण दिवसा सगळे विचारतात. या झोपेत आळस थोडा आहे, लपणे अधिक आहे.

येथे आईबापांनीही विचार करावा. प्रेमापोटी आपण मुलाला सांगितले, ‘तू फक्त अभ्यास कर, बाकी काही पाहू नकोस.’ गुरांचे पाणी, शेताची फेरी, दुकानाची किल्ली, आजीचे औषध, असे एकेक काम त्याच्याकडून काढून घेतले. हेतू चांगला होता. परंतु परिणाम असा झाला की, परीक्षेवाचून त्याची वाट पाहणारे या जगात काही उरले नाही. आणि परीक्षेनेही पाठ फिरविली तेव्हा त्याला उठण्याचे कारणच राहिले नाही. जागल्याचे काम आपण काढून घेतले आणि आता तो का निजतो असे विचारतो आहोत. अशा मुलाला रागावून उठविण्याने काही साधत नाही. त्याच्यावर काहीतरी पुन्हा सोपवावे लागते. आणि एखादा तरुण दिवसेंदिवस अन्नाला शिवत नसेल, ‘माझा काही उपयोग नाही’ असे बोलत असेल, तर त्याला उपदेश न करता जवळ बसवावे व वैद्याकडे न्यावे. तोही धर्मच आहे.

उद्देश आधी की उठणे आधी?

तरुण म्हणतात, आधी आयुष्याचा उद्देश सापडू द्या, मग पहाटे उठू. हा क्रम उलटा आहे. उद्देश हा अंथरुणात विचार करून सापडणारा पदार्थ नाही. तो हातात घेतलेल्या कामाच्या आड दडलेला असतो आणि काम करता करता प्रगट होतो. याची तीन उदाहरणे पाहू. दोन आपल्या भूमीतील आणि एक आपल्या परंपरेतील.

जळगावजवळच्या आसोद्याची लेक बहिणाबाई चौधरी, जन्म १८८०, निधन १९५१. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. ऐन तारुण्यात वैधव्य आले, मुलांचा आणि शेताचा भार अंगावर पडला. जात्यावर दळताना, शेतात राबताना त्या ओव्या रचीत आणि गात. त्यांचे पुत्र सोपानदेव व घरातील माणसांनी त्यांतील काही टिपून ठेवल्या म्हणून त्या उरल्या. १९५२ साली, म्हणजे त्यांच्या पश्चात, आचार्य अत्रे यांच्या प्रयत्नाने त्या पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाल्या आणि साऱ्या महाराष्ट्राने त्या मस्तकी धरल्या. २०१८ साली जळगावच्या विद्यापीठाला त्यांचे नाव दिले गेले. बहिणाबाई जात्यावर बसत त्या कवयित्री होण्यासाठी नव्हे, तर घरच्यांना भाकरी हवी म्हणून. भाकरी हे त्यांच्यावर सोपविलेले काम होते. त्या कामाला त्या रोज सामोऱ्या गेल्या आणि गाणे त्यांना तेथेच सापडले. ‘आधी माझे जीवितकार्य कळू दे, मग जात्याला हात लावीन’ असे त्या म्हणत्या, तर पीठही मिळाले नसते आणि ओवीही.

दुसरे उदाहरण धुळ्याच्या तुरुंगातील. १९३२ च्या सत्याग्रहात अनेक देशभक्त तेथे बंदिवान होते. तुरुंगात उठण्याची वेळ कैद्याच्या हाती नसते. घंटा सर्वांसाठी सारखीच वाजते. त्या वर्षी २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत अठरा रविवारी विनोबा भावे यांनी सहबंदिवानांपुढे गीतेवर अठरा प्रवचने दिली. लवकर निजावे आणि पहाटे तीनच्या सुमारास उठावे, हा विनोबांचा जीवनक्रम प्रसिद्ध आहे. ती प्रवचने साने गुरुजींनी शब्दशः टिपून घेतली आणि ‘गीता प्रवचने’ हा ग्रंथ सिद्ध झाला. विनोबांच्या सर्व मतांशी आपले शास्त्र सहमत होईल असे नाही. परंतु श्रीकृष्णवचनाने बंदिशाळेतही माणसांना कसे जागविले, ते पाहण्यासारखे आहे. येत्या रविवारी एक अध्याय सांगावयाचा आहे, तो ऐकावयास माणसे बसणार आहेत, बोललेला शब्द टिपून घ्यावयाचा आहे, एवढ्या सोपवणुकीने तुरुंगातील दिवसांना अर्थ आला. साने गुरुजी त्यापूर्वी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते, तेव्हा वसतिगृहातील मुलांसाठी हाताने लिहून ‘छात्रालय दैनिक’ काढीत. मुले ते वाचणार आहेत, हेच त्यांच्या लेखणीच्या जागृतीचे कारण होते.

तिसरे उदाहरण आपल्या सर्वांना वंदनीय आहे. सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींनी उत्तरापंथे गमन केल्यानंतर मार्गात मोठी पोकळी निर्माण झाली होती. ज्यांच्या सन्निधानासाठी माणसे घरदार सोडून आली, ते सन्निधान अंतरले होते. ‘आता उठून काय करावे?’ हा प्रश्न त्या भक्तजनांनाही पडला नसेल काय? अशा काळी ऋद्धिपूर येथे वाजेश्वरीच्या एकांतात आद्य आचार्य श्रीनागदेवाचार्य नित्य स्वामींच्या लीळांचे स्मरण करीत बसत. म्हाइंभट्ट त्यांच्याकडे आले आणि आपण कशाचे चिंतन करता असे त्यांनी विचारले. लीळांचे मनन चालले आहे हे कळताच, या लीळा शब्दबद्ध झाल्या पाहिजेत, हा विचार म्हाइंभट्टांच्या मनात उभा राहिला, असे आपली परंपरा सांगते. सराळ्याचे हे विद्वान पंडित एकेकाळी स्वामींशी वाद करण्यास आले होते. तेच आता ज्यांनी ज्यांनी स्वामींना पाहिले, त्यांना शोधीत गावोगाव फिरले, प्रत्येकाकडून ऐकून घेतले, आचार्यांकडून ते पारखून घेतले. आणि शके १२०० च्या सुमारास ‘लीळाचरित्र’ हा मराठीतील आद्य गद्यग्रंथ सिद्ध झाला.

येथे क्रम पाहावा. नागदेवाचार्य ग्रंथ करावयाचा म्हणून विजनात बसले नव्हते. ते स्मरणासाठी बसले होते, आणि त्या स्मरणातून एका दुसऱ्याच पुरुषाला त्याचे जीवितकार्य मिळाले. पुढे खालशाच्या धाडीत पोथ्या हरवल्या, तेव्हा हिराइसेसारख्यांच्या पाठांतरातून लीळा पुन्हा उभ्या राहिल्या. पाठांतर एका दिवसात होत नाही. रोजच्या उजळणीने ते टिकते. ज्या पहाटेंचा हिशेब कोणी ठेवला नाही, त्या पहाटेंनी एक ग्रंथ वाचविला. आपला नेम कोणाच्या उपयोगी पडेल हे नेम करणाऱ्याला ठाऊक नसते. त्याने तो राखावा, एवढेच त्याच्याकडे असते.

लीळाचरित्राच्या वाचकांना स्वामींच्या दिनक्रमातील उदयाचा पूजावसर आणि त्यानंतरचे विहरण परिचित आहे. बाइसा तो पूजावसर किती निष्ठेने करीत, हेही आपण वाचतो. बाइसांना उठविण्यास कोणी लागले असेल असे वाटत नाही. प्रत्यक्ष परमेश्वर उपहुडले की त्यांची सेवा करावयाची आहे, एवढे पुरे होते. आज आपण असन्निधानात आहोत. परंतु स्मरणाच्या रूपाने तो पूजावसर आपल्यासाठीही खुला आहे. आयुष्याचा परम उद्देश शोधीत फिरण्याची आपल्याला गरजच नाही. मनुष्यदेह परमेश्वरप्राप्तीसाठी मिळाला आहे, हे शास्त्राने सांगून ठेवले आहे. शोधावयाचे आहे ते एवढेच की, आजच्या दिवसात माझ्यावर काय सोपविलेले आहे.

वळण कसे लावावे

आता आचरणाविषयी. आमच्या पाहण्यात ज्या वासनिकांचे नेम टिकले, त्यांच्या वागण्यातून पाच गोष्टी ध्यानात आल्या.

पहिली गोष्ट, पहाट ही आदल्या सायंकाळी ठरते. साडेचारला उठावयाचे तर साडेनवाच्या आत निजले पाहिजे. मोबाईल निजण्याच्या खोलीबाहेर ठेवावा. उठविण्यासाठी साधे गजराचे घड्याळ पुरते. वैशाखात खानदेशातील घरे मध्यरात्रीपर्यंत तापलेली असतात, माणसे गच्चीवर जागत बसतात. अशा दिवसांत दुपारी थोडा विसावा घेऊन तूट भरून काढावी. त्यात दोष नाही.

दुसरी गोष्ट, एकदम उडी मारू नये. नऊला उठणाऱ्याने उद्यापासून पाचला उठण्याचा संकल्प केला, तर तो आठवड्यात मोडतो. दर आठवड्याला पाव तास मागे यावे. चार तासांचे अंतर असे सोळा आठवड्यांत, म्हणजे सुमारे एका चातुर्मासात, कापले जाते. उठल्यावर बाहेर येऊन सकाळचा उजेड डोळ्यांना मिळू द्यावा. त्याने देहाचे घड्याळ जुळते.

तिसरी गोष्ट, उठल्यावर पहिले काम नामस्मरणाचे, आणि ते थोडके असावे. अर्धी घटिका, म्हणजे बारा मिनिटे, पुरेत. पण त्या बारा मिनिटांपूर्वी मोबाईल हाती घेऊ नये. मन लागले नाही तरी उठून जाऊ नये. मन लागणे हे आपल्या हाती नाही, बसणे आपल्या हाती आहे.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. स्मरणानंतर लगेच करावयाचे एक असे काम घ्यावे की, ते आपण केले नाही तर दुसऱ्या कोणाचे अडेल. गाईचे दूध काढणे, मंदिराचे अंगण झाडणे, दृष्टी गेलेल्या आजोबांना पोथीचे एक पान वाचून दाखविणे, शेजारच्या दोन मुलांना गणित शिकविणे. काम लहान असले तरी चालेल, पण पलीकडे माणूस वाट पाहणारा हवा. नोकरी लागेल तेव्हा लागेल. परंतु आजोबांचे पान आज वाचले जाणे आवश्यक आहे. ज्या तरुणांनी असे एक काम धरले, त्यांना पुढचा मार्ग पुष्कळदा त्या कामातूनच दिसला.

पाचवी गोष्ट, नेम चुकला तर अनुताप असावा, पण त्याचा बोभाटा नसावा. एक दिवस चुकला तर दुसरा चुकू देऊ नये. ‘माझ्याने होणारच नाही’ हे अनुतापाचे बोलणे नव्हे, आळसाने घेतलेला अनुतापाचा वेष होय.

ज्यांना पहाट नाही

काही जणांना ही पहाट मिळतच नाही. भुसावळच्या रेल्वेत, दीपनगरच्या वीज केंद्रात, जळगावच्या कारखान्यांत रात्रपाळी करणारे, तसेच रात्रभर पिकाला पाणी देणारे शेतकरी, यांनी पहाटे निजावे. सात तास निजावे. जागे झाल्यावर जी पहिली घटिका लाभेल तोच त्यांचा पश्चात प्रहर. आजारी व वृद्ध यांनी अंथरुणात पडल्या पडल्या स्मरण करावे. काळ ही देवता नाही, हे आरंभी सांगितले ते यांच्यासाठीच.

आणि घरातील स्त्रीला लवकर उठण्याचा उपदेश कोणी करू नये. ती आधीच उठलेली असते. पाणी भरणे, डबे, चूल यांत तिची पहाट इतरांसाठी खर्च होते आणि स्मरणासाठी तिच्या वाट्याला काही उरत नाही. स्वामींच्या सन्निधानात बाइसा, महदाइसा यांना ज्ञानाचा जो अधिकार मिळाला, तो आपण आपल्या स्वयंपाकघरात देतो काय, हे पुरुषांनी स्वतःस विचारावे. ज्या घरातील पुरुष व मुले पहाटे उठून पाणी भरतात, चहा ठेवतात, आणि त्या वेळात घरातील आई स्वस्थ बसून नाम घेते, त्या घरात लवकर उठण्याचे खरे फळ आले असे समजावे.

देहाची झोप रोज मोडते आणि रोज येते, त्यात नवल नाही. जीवाची झोप मात्र अनादि आहे, आणि ती मोडण्यासाठी मिळालेला हा मनुष्यदेह थोड्या दिवसांचा आहे. परमेश्वर नित्य जागृत आहे; त्याला आपल्या जागे होण्याची गरज नाही, तरीही कृपाळूपणे तो आपली वाट पाहतो. ज्याची वाट पाहिली जाते तो उठतो, हे आपण शेतकऱ्याच्या, आईच्या आणि जागल्याच्या ठिकाणी पाहिले. आपलीही वाट पाहिली जात आहे, एवढे ज्याला पटले, त्याला पश्चात प्रहर कोणासाठी हे वेगळे सांगावे लागणार नाही.